पूरक प्रश्न

बायकोचं, प्रभाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी श्यामकांत पेंढारकरांनी दाराबाहेर एक पुठ्ठा लावला. वर हिंदीत आणि खाली मराठीत, दोन्ही मजकूर टाइप केलेले होते. मुलीची बारावीची परीक्षा असल्यामुळे भेटायला येणाऱ्यांनी कृपया रविवारी चार ते सहा या वेळेत यावे, बेल वाजवू नये. खाली सही नव्हती, तारीख मात्र होती.

हे १९९३ सालच्या जानेवारीतलं. आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर, तिसरा मजला. घरात आता दोघंच उरली होती, श्यामकांत आणि मीनाक्षी. श्यामकांत एका मंत्रालयाच्या संसद विभागात सेक्शन ऑफिसर होते. त्यांची दिल्लीतली मुदत जूनमध्ये संपणार होती आणि मग नागपूरला परत जायचं होतं. मीनाक्षी या वर्षी पास झाली तर नागपूरला कॉलेजात नाव घालता येणार होतं. नापास झाली तर तिकडे दुसरं बोर्ड, दुसरी पुस्तकं आणि सगळं पहिल्यापासून. वर्ष सोडून दे, असं तिला दोन-तीन जणांनी सुचवून पाहिलं होतं. ती नाही म्हणाली. का नाही, हे तिने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

श्यामकांतांनी ठरवलं की मुलीला शांतता द्यायची. आपल्याकडून देता येईल अशी तेवढी एकच गोष्ट त्यांना दिसत होती. रेडिओ कपाटात गेला. टेलिफोनवर उशी आली. कुकरच्या शिट्ट्या ती उठायच्या आत होऊन जात. भांडी घासणाऱ्या बाईला त्यांनी नळाखाली फडकं अंथरायला सांगितलं. खाली लॉनवर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांशी ते स्वतः जाऊन बोलले आणि मुलं निमूटपणे पलीकडच्या ब्लॉकमागे गेली. घरात ते मोज्यांवर चालत. बोलायचंच झालं तर कुजबुजत, आणि तेही जेवायला बोलावण्यापुरतं.

या शांततेत मीनाक्षी पुस्तक उघडून बसे. प्रभा असताना घर कधी गप्प नसायचं. मोठ्याने वाच, म्हणजे झोपली नाहीस हे मला कळेल, असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. आता मोठ्याने वाचलं तर बाबा दचकून दारात यायचे, काही हवंय का विचारायला. म्हणून ती मनात वाचू लागली. ओळींखाली आधी पेन्सिलने रेघा मारल्या, मग त्याच ओळी पिवळ्या केल्या. पान ओळखीचं वाटायचं, कुठली आकृती डावीकडे आहे तेही आठवायचं. पुस्तक मिटलं की काही उरत नसे. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. त्या दिवसांत तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. रजईतून पाय बाहेर राहिले तर ते गार पडले आहेत हेही तिला उशिरा कळायचं.

महिनाअखेरीस शाळेने तिची राहिलेली प्री-बोर्ड परीक्षा वेगळी घेतली. बायॉलॉजीत सत्तरपैकी एकवीस आले. उत्सर्जनाचा मोठा प्रश्न तिने कोरा ठेवला होता. किडनीची आकृती तर दरवर्षी येते, असं बायॉलॉजीच्या मॅडम तिला हिंदीतून म्हणाल्या. मग तिच्या घरी काय झालं ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी उत्तरपत्रिका घडी करून तिच्या हातात दिली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

घरी श्यामकांतांनी मार्क पाहिले. ते ओरडले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

रविवारी चार वाजता लोक यायचे. आर. के. पुरममधली मराठी कुटुंबं, ऑफिसातले दोघं-तिघं, पहाडगंजहून कुणी प्रभाच्या ओळखीचं. शेजारच्या ब्लॉकमधले भाऊसाहेब तर प्रत्येक रविवारी यायचे. ते पोस्टातून निवृत्त झालेले आणि महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं पडदा ओढलेले गृहस्थ. पुठ्ठा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते दारातच म्हणाले, "श्यामकांतराव, पासबिस काढावा लागतो का हो आता तुमच्याकडे?" श्यामकांतांनी गंभीरपणे सांगितलं की तशी काही गरज नाही. भाऊसाहेबांनी पुढे कधी ती थट्टा केली नाही.

आलेला माणूस खुर्चीत टेके. मग कसं झालं ते विचारे. आणि श्यामकांत सांगत. बीपी जुनंच होतं, पण औषध नियमित नव्हतं. दिवाळीनंतर पाय सुजायला लागले. चपला होईनात तेव्हा तपासणी केली. क्रिएटिनिन अकरा निघालं. ते एकच्या आसपास असायला हवं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. नाताळच्या सुमारास एक चुकलं, मशीन बंद होतं. जानेवारीत त्या सकाळी पोटॅशियम वाढलेलं होतं. मशीनला जोडायच्या आधीच हृदय थांबलं. मीनूचं त्या दिवशी शाळेत केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं.

पहिल्या रविवारी हे सांगताना ते तीनदा थांबले होते. मागचं पुढे आणि पुढचं मागे झालं होतं. दुसऱ्या रविवारी क्रम लागला. फेब्रुवारी सुरू होईपर्यंत सगळी हकीकत न अडखळता एकाच चालीत यायला लागली. कुठे श्वास घ्यायचा तेही ठरून गेलं होतं. मीनाक्षी चहा आणि बिस्किटं ठेवून आत जायची आणि ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. ती ऐकते आहे हे तिलाच माहीत नव्हतं. एका रविवारी ऑफिसातल्या कुणाला तरी सांगताना श्यामकांत मध्येच थांबले. शब्द सापडेना.

"पोटॅशियम," ती आतून म्हणाली.

मग श्यामकांतांनी पुढचं वाक्य घेतलं.

कप विसळताना तिच्या ध्यानात आलं की ती सगळी हकीकत तिला पाठ आहे. अकरा हा आकडा, नाताळातलं बंद मशीन, सगळं. तिने त्यातलं काही वाचलेलं नव्हतं, त्याखाली रेघाही मारलेल्या नव्हत्या. तिने कप पालथे घातले. यापुढे तिने काही विचार केला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी संसदेचं अधिवेशन सुरू झालं. सोमवारी मंत्रालयाचा तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न लागला होता, त्यामुळे श्यामकांतांना रविवारीही ऑफिसात जावं लागलं. सहाच्या आत येतो, कुणी आलं तर बसव आणि तू आत अभ्यास कर, असं ते सांगून गेले.

त्या दिवशी भाऊसाहेब आले आणि त्यांच्या मागोमाग ठकूबाई आली. ठकूबाई कँटोन्मेंटमधून यायची. तिचा नवरा मारुतराव लष्करात हवालदार होता आणि ती साताऱ्याकडच्या गावातून दोन वर्षांपूर्वी दिल्लीला आली होती. पहिल्या थंडीत मंडळाच्या हळदीकुंकवाला प्रभाने तिला कुडकुडताना पाहिलं आणि विणायला शिकवलं. तेव्हापासून ती येऊन-जाऊन असायची. आजही तिच्या पिशवीत एक अर्धं स्वेटर होतं. गळा कसा घालायचा तेवढं शिकायचं राहून गेलं होतं.

भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. ठीक, असं मीनाक्षीने सांगितलं. ते चहा प्यायले, हात जोडले आणि गेले. ठकूबाई बसून राहिली. सुया काढून चार टाके घातले आणि खाली बघतच म्हणाली, "पोरी, एक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"विचारा ना, मावशी."

"समदी म्हंत्यात ताईंची किडनी गेली, किडनी गेली. म्यां मान हलीवती. पर ती किडनी करती तरी काय?"

इतक्या रविवारांत हे कुणी विचारलं नव्हतं. आलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, निदान माहीत असल्यासारखं ते बसत.

रक्त गाळते, असं मीनाक्षीने सांगितलं. मराठीतून सांगावं लागत होतं आणि अर्धे शब्द तिच्याकडे नव्हते. पुस्तकात सगळं इंग्रजीत होतं, म्हणून ती हात वापरायला लागली. किडनीत लाखो बारीक नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक वाटी असते आणि वाटीत केसासारख्या रक्तवाहिन्यांचा गुंडा. तिने ठकूबाईच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा उचलून मुठीत धरला आणि दाखवला. रक्त इथे जोराने येतं आणि त्यातलं पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं वाटीत गळतं.

"साखर बी?"

"साखरपण. मग पुढे नळीत चांगलं चांगलं परत रक्तात ओढून घेतात. युरिया जातो बाहेर."

ठकूबाईने सुया थांबवल्या. "म्हंजे आधी समदं भाईर टाकायचं आन् मंग चांगलं तेवढं माघारी घ्यायचं? ह्ये उलटंच झालं की. निवडूनच का टाकत न्हाई?"

मीनाक्षीने तोंड उघडलं आणि तिथेच अडली. असं का, ते तिला माहीत नव्हतं. ते पान तिने चार वेळा पिवळं केलं होतं. थांबा हं, म्हणून ती आत गेली आणि पुस्तक उघडलं. जो धडा उघडला की नजर पुढच्या पानावर घसरायची, त्यातला तिने तेवढा एकच परिच्छेद वाचला, कारण तेवढंच हवं होतं. मग पुस्तक आतच ठेवून ती बाहेर आली.

"गाळणीला निवडता येत नाही, मावशी. ती फक्त लहान-मोठं बघते. लहान असेल ते सगळं जातं, चांगलं-वाईट दोन्ही. निवडायचं काम पुढच्या नळीत होतं, तिथल्या पेशी ते करतात."

"आन् ती बंद पडली की?"

"मग युरिया रक्तातच साठतो. पाणी साठतं, त्याने पाय सुजतात. आणि पोटॅशियम साठतं." ती तशीच पुढे सांगत गेली. पोटॅशियम हृदयाच्या ठोक्याशी कसं बांधलेलं आहे ते. डायलिसिसचं मशीन काय करतं आणि काय करू शकत नाही ते. ठकूबाई मध्ये मध्ये विचारत होती. कुठे मीनाक्षी अडली की आत जाऊन तेवढंच बघून येई. सगळं सांगून झालं तेव्हा तिला कळलं की आपण धडा संपवला आहे.

दारापाशी श्यामकांत उभे होते. पुठ्ठ्यावरच्या सूचनेप्रमाणे त्यांनी स्वतःही बेल वाजवली नव्हती. ते केव्हा आले ते कुणाला कळलं नाही. ठकूबाईने पदर सारखा केला आणि पिशवी आवरली. श्यामकांतांनी तिला थांबायला सांगितलं, थंडी आहे, आणखी चहा घ्या म्हणाले. हे ते कुजबुजत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लोकसभेत त्यांचा प्रश्न झाला. संध्याकाळी घरी आल्यावर बूट न काढता ते मीनाक्षीच्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. आपलं काम काय असतं ते त्यांनी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं. छापील उत्तर मंत्र्यांना वाचता येतं, त्याची काळजी नसते. त्यानंतर सभासद उभे राहून पूरक प्रश्न विचारतात आणि माणूस पडतो तो तिथे. म्हणून विभागात एका उत्तरामागे वीस पूरक प्रश्न आधीच काढतात. कुणाला विषय कळत नसला तरी चालतं, उलट न कळणारा माणूस नेमकं विचारतो.

"मी तुझी उत्तरं तपासणार नाही," ते म्हणाले. "मला येत नाहीत. मी पूरक विचारीन. पुस्तक मिटायचं, मला सांगायचं. अडलीस तर तेवढंच उघडून बघायचं."

"सगळे विषय?"

"सगळे. आणि आज झालेलं तीन दिवसांनी परत विचारीन. माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून तू समज की तेव्हाही मी नवाच आहे."

त्यांना खरंच आठवत नसे. तिने सांगितलेलं तीन दिवसांनी पुन्हा सांगावं लागे आणि ते तोच प्रश्न त्याच भाबडेपणाने विचारत. आधी तिला वाटलं ते मुद्दाम करतात. तसं नव्हतं. प्रभा गेल्यापासून त्यांच्याही डोक्यात काही राहत नव्हतं, हे तिला सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

पुठ्ठा दारावरून उतरला. कुकर पुन्हा दिवसा वाजायला लागला. मटार सोलायला ते तिच्या खोलीत येऊन बसत आणि सोलता सोलता विचारत. ठकूबाई आठवड्यातून दोनदा यायची, तिला मेंडेलचे वाटाणे सांगितले. माझ्या तीन पोरांत येक बी त्येंच्या बापासारखा न्हाई, ह्येचं काय, असं तिने विचारलं. त्यावर मीनाक्षीला अर्धा तास लागला. भाऊसाहेबांना फिजिक्स सांगितलं. "बेटा, मी तीस वर्षं फक्त पडदा ओढलाय," ते म्हणाले. "पण सांग. दोर कुठे अडतो ते मला लगेच कळतं." लेन्स सांगताना ती दोनदा अडली आणि दोन्हीदा त्यांना ते कळलं. रेघा मारलेली पानं तिने पुन्हा उलटली नाहीत.

मार्चमध्ये परीक्षा झाल्या. बायॉलॉजीच्या पेपरात उत्सर्जनाचा मोठा प्रश्न होता. किडनीत मूत्र कसं तयार होतं ते आकृती काढून लिहा आणि किडनी निकामी झाल्यावर शरीरात काय होतं ते सांगा. तिने आकृती काढली, नावं दिली. मग लिहायला लागली. मजकूर थांबला नाही. पाय सुजतात, तिने लिहिलं. पोटॅशियम वाढतं. हृदय थांबू शकतं. ती पुढच्या प्रश्नाकडे गेली.

मेच्या अखेरीस निकाल लागला. बायॉलॉजीत शंभरपैकी एकाहत्तर होते, बाकी विषयांत त्याच्या आसपास. ती पास झाली होती. श्यामकांतांनी ऑफिसात पेढे वाटले, फार नाही. ठकूबाईला बोलावून जेवायला घातलं. तिचं स्वेटर तोवर पूर्ण झालं होतं. गळ्याचं तिने दुसऱ्या कुणाकडून शिकून घेतलं होतं.

जूनमध्ये सामान बांधायला काढलं तेव्हा दिनकर आला. दिनकर प्रभाचा धाकटा भाऊ, व्यापारी जहाजावर इंजिनीअर. बहीण गेली तेव्हा तो समुद्रात होता. त्याला तारेने कळवलं होतं आणि उतरायला पाच महिने लागले होते. खोक्यांच्या मध्ये तो एका गुंडाळलेल्या गादीवर बसला. कूलर बांधून झाला होता, त्यामुळे घरात गरम हवा भरून राहिली होती. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "भाऊजी, कसं झालं सगळं?"

श्यामकांतांनी मीनाक्षीकडे बघितलं. तिने सांगायला घेतलं. बीपी जुनंच होतं. दिवाळीनंतर पाय सुजायला लागले. क्रिएटिनिन अकरा निघालं. कुठे काय निकामी झालं आणि त्याने पुढे काय होत गेलं, ते तिने क्रमाने सांगितलं. बाबांपेक्षा नीट सांगितलं. कुठे थांबली नाही. दिनकर ऐकता ऐकता रडायला लागला. तिने उठून त्याला माठातलं पाणी आणून दिलं, तो प्यायला, आणि तिने राहिलेलं सांगून पूर्ण केलं.

दिनकरने डोळे पुसले. ग्लास हातातच होता.

"ताई शेवटी काही बोलली का?"

मीनाक्षी अडली. हकीकतीत ते कधी आलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. आत जाऊन बघून यावं असं पुस्तकही नव्हतं.

"मी नव्हते तिथे," ती म्हणाली. "माझं प्रॅक्टिकल होतं."

तिने श्यामकांतांकडे बघितलं. ते एका खोक्याला सुतळी बांधत होते. गाठ मारून झाली तरी हात गाठीवरच होता.

"मला म्हणाली, स्वेटर उलटं घातलंय तुम्ही," ते म्हणाले. "शिवण बाहेर आहे, आत जाऊन सरळ करून या. मी बाथरूममध्ये गेलो. तेवढ्यात."

बाहेर कबाडीवाला ओरडत गेला. मीनाक्षीच्या पायांना घाम आला होता आणि फरशी गार होती. ते तिला जाणवलं.

"होतं का उलटं, बाबा?"

"होतं," श्यामकांत म्हणाले.